काळं म्हणजे पोकळ

तिचा हात थांबला, एवढंच झालं. गार, चिकट मलम माझ्या पोटावर पसरून ती मुलगी बराच वेळ ते यंत्राचं बोंड इकडून तिकडे फिरवत होती. फिरवता फिरवता मागे उभ्या असलेल्या नर्सशी कुणाच्या तरी सुट्टीबद्दल बोलत होती. डाव्या बरगडीच्या खाली आल्यावर हात थांबला आणि सुट्टीचा विषयही थांबला. मग म्हणाली, "श्वास घ्या आजोबा. धरून ठेवा." मी धरून ठेवला. सोडा म्हणायला ती विसरली. श्वास धरणं मला नवीन नाही. नळीच्या जोडाखाली उताणं पडून वेल्डिंग करताना हात हलू नये म्हणून वेल्डर श्वास धरतोच. पण तिथं कधी सोडायचा ते माझं मी ठरवायचो. इथं मी छताचा पोपडा बघत पडलो होतो, छाती फुटायला आली होती. शेवटी मीच सोडला आणि मान वळवून पडद्याकडे पाहिलं. करड्या धुरात एक पांढरा ठिपका होता, सुपारीएवढा. तिनं त्याच्या दोन बाजूंना दोन फुल्या मारल्या आणि मधे तुटक रेघ ओढली. माप घेत होती. माप कशाचं घेतात ते मला ठाऊक आहे. चांगल्या जोडाचं माप कुणी घेत नाही.

गेलो होतो पित्तासाठी. जेवणानंतर पोटात जळजळायचं म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पित्ताशयात खडे आहेत का बघायला पाठवलं होतं. खडे नव्हते, तर हे निघालं. मग मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होते आणि बोलताना सारखे पेनचं टोपण काढत-घालत होते. म्हणाले, सोनोग्राफीत एवढं पांढरं दिसतं ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, पण कधी कधी वाईट गाठही अशीच पांढरी दिसते. या यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही, तेव्हा सीटी स्कॅन करून घेऊ. वाईट निघाली तर मूत्रपिंडाचा तेवढा भाग, नाहीतर अख्खं मूत्रपिंड काढावं लागेल. अख्खं म्हणताना टोपण बसलं. हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याकडे पाहिलं नाही. पर्सची साखळी ओढली, बंद केली, पुन्हा ओढली. मी मात्र त्या दिवशी फारसा घाबरलो नव्हतो. पांढऱ्याची मला सवय आहे. कारखान्यात वाफेच्या नळ्यांचे जोड आम्ही करायचो आणि फिल्मवाला येऊन त्यांचे फोटो काढायचा, माणसांच्या हाडांचे काढतात तसेच. धातू जिथं भरीव तिथं फिल्म पांढुरकी, आणि आत जिथं हवेचा बुडबुडा राहिला असेल तिथं काळा ठिपका. तडा गेला असेल तर काळी रेघ. एखादी चमकदार पांढरी चांदणी दिसली तर तो जास्त जड धातूचा कण आत राहिलेला. त्यावरून फोरमन कुरकुर करायचा, पण कण बारीक असला तर जोड पास व्हायचा. काळ्याला मात्र माफी नव्हती. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, काळं म्हणजे पोकळ.

सीटीचं यंत्र म्हणजे मोठं कडं. त्यात फळीवर झोपवून आतबाहेर सरकवतात. नळीत शिरल्यासारखंच, मला घरी आल्यासारखं वाटलं. तिथं श्वास धरा, श्वास सोडा असं यंत्रातून ध्वनिमुद्रित बाई सांगते. ती विसरत नाही. शुक्रवारी फिल्म घ्यायला गेलो तर खिडकीवरचा माणूस म्हणाला की रिपोर्ट सोमवारी डॉक्टरांच्या हातात मिळेल, पण फिल्म आजच घेऊन जा, इथं पडून राहिल्या की हरवतात. मोठं पाकीट काखेत धरून घरी आलो. ही बाजारात गेली होती. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेची, दुपारी तिच्यातून एकसारखा, शांत उजेड येतो. भांडी बाजूला सारली, फिल्म काचेला लावली. एका फिल्मवर वीस चित्रं. नळी आडवी कापून बघावी तसं माझं अंग कापून वीस वेळा मांडलेलं. पाठीचा मणका पांढरा स्वच्छ, तो ओळखता आला, आणि त्याच्या दोन अंगांना दोन मूत्रपिंडं. वर्तमानपत्राला वापरतो ते भिंग आणलं. उजवं भरीव. डाव्याच्या काठावर घास तोडल्यासारखी गोल जागा होती, आणि ती काळी होती.

मी फिल्म उलटी करून पाहिली, वर-खाली करून पाहिली. एकाच चित्रात असतं तर फिल्मचा दोष म्हटला असता. लागोपाठ पाच चित्रांत होतं, आधी लहान, मग मोठं, मग पुन्हा लहान. अकरा दिवसांपूर्वी जे पांढरं होतं ते आता काळं झालं होतं. म्हणजे आत जे काही होतं त्यानं खायला सुरुवात केली होती आणि अकरा दिवसांत सुपारीएवढा भाग खाऊन मोकळा केला होता. याचा हिशोब मला लगेच करता आला. असल्या हिशोबात माझं डोकं चालतं. ही आली तेव्हा मी फिल्म पाकिटात घातली होती पण भांडी जागेवर ठेवायची विसरलो होतो. तिनं भांड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय दिसलं?" तिनं विचारलं.

"चांगली आली आहे फिल्म. स्पष्ट आहे."

"तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?"

मी म्हटलं, एकतीस वर्षं फिल्मच बघत होतो. त्यावर ती म्हणाली की तुमच्या नळ्या रात्री कुशीवर वळत नव्हत्या आणि उठून पाणी पीत नव्हत्या. एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली. एकेक देठ ती नखानं तोडत होती आणि मला प्रत्येक देठाचा आवाज ऐकू येत होता. तिला सांगायला तोंड उघडलं असतं तर पहिलं वाक्य मूत्रपिंडाचं निघालं नसतं. निघालं असतं डावऱ्याचं. हे मला कसं कळलं ते सांगता येणार नाही, पण खिडकीत तो काळा डाग पाहिला त्याच क्षणी डावऱ्या माझ्या मागे येऊन उभा राहिला होता, आणि आता तो स्वयंपाकघरात आमच्या दोघांच्या मधे उभा होता.

डावऱ्या माझ्या जोडीचा वेल्डर. डाव्या हातानं काम करायचा म्हणून डावऱ्या. मुख्य वाफेच्या नळीवर आम्ही दोघंच होतो, मी उजव्या अंगानं आणि तो डाव्या अंगानं, आणि दोघांच्या ठिणग्या मधे एकमेकांवर पडायच्या. प्रत्येकाला नंबर होता. जोड झाला की त्याच्या शेजारी नळीवर आपल्या नंबराचा पंच ठेवून हातोडी मारायची. माझा चार, त्याचा नऊ. पंच दोघांचे एकाच डब्यात. मुख्य नळीचा नियम कडक होता. एक जोड जरी फिल्मवर नापास झाला तरी त्या वेल्डरचं परवान्याचं कार्ड गेलं. एका दिवशी माझी वेल्डिंगच्या रॉडची पेटी ओलसर होती, आणि ओल्या रॉडनं जोडात बुडबुडे राहतात. मला माहीत होतं. भट्टीत सुकवून आणायला हवी होती, पण भट्टी आवाराच्या त्या टोकाला, आणि लेक घरी तापानं फणफणलेली, मला लवकर निघायचं होतं. जोड करतानाच हाताला समजलं. धातू वितळताना जो एकसारखा आवाज येतो, तो मधेच फुटत होता. वरून शिवण देखणी झाली. आत बुडबुडे होते, बघायची गरज नव्हती. जेवणाची सुट्टी झाली, डावऱ्या हात धुवायला गेला. मी डब्यात हात घातला. चारचा पंच वरच होता. तो बाजूला सारून मी खालचा काढला. हातोडीचा एकच घाव. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की घाईत चुकीचा पंच हाताला लागला. सांगून सांगून ते जवळजवळ खरं झालं होतं. पण चारला बाजूला सारणारं बोट माझंच होतं आणि ते बोट अजून माझ्या हाताला आहे.

फिल्मवर काळे ठिपके निघाले, नऊ नंबरचं कार्ड गेलं. जोड कापून काढला, नवा केला. नवा मीच केला. डावऱ्याला पुन्हा परीक्षा देता आली असती, पण त्याच वर्षी परीक्षेत लेखी पेपर आला आणि आम्हा दोघांनाही आकड्यांपलीकडे काही वाचता येत नव्हतं. तो पेपरला बसलाच नाही. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर त्यानं फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करायचं दुकान काढलं. ज्याच्या हाताला मुख्य नळी शोभायची त्यानं तीस वर्षं लोकांच्या कुंपणांना फुलं-पानं चिकटवली. आणि मी त्या पेपरच्या भीतीनं चाळिशीत अक्षरं शिकलो. हिनं शिकवली, मुलीच्या जुन्या पाटीवर. मीठ, साबण, दिवा. जोडाक्षरावर मी अडायचो तेव्हा ती हसायची, जन्मभर जोड केले आणि एक जोडाक्षर जमत नाही म्हणायची. पेपर पास झालो. कारखान्यात मला मास्तर म्हणायला लागले, आधी चेष्टेनं, मग तेच नाव पडलं. वर्तमानपत्र वाचतो, औषधाच्या बाटलीवरचं वाचतो, लेकीला पत्रं लिहायचो. माझं प्रत्येक अक्षर कुठून आलं ते मला माहीत आहे.

शनिवारी ही शेजारी गेली तेव्हा मी लिहायला बसलो. एक पान लिहायला दोन तास लागले. सुरुवात पोटापासून केली. माझ्या मूत्रपिंडात काळं निघालं आहे, फार दिवस राहतील असं वाटत नाही. मग जोडाचं लिहिलं, ओली पेटी, सुट्टी, पंच. तो नंबर मी मारला, असं लिहिलं. घाईत असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. खाली उरलेल्या अर्ध्या पानात त्याच्या गेलेल्या कार्डाचं आणि माझ्या अक्षरांचं लिहिलं. पाकीट चिकटवून कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं, आत पडल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजाबरोबर लक्षात आलं की डावऱ्याला वाचता येत नाही. विसरलो नव्हतो, पण दोन तासांत एकदाही आठवलं नव्हतं. म्हणजे त्याची सून वाचणार. दुकानात, रस्त्यावर, मोठ्यानं, मुलासमोर, एखादं गिऱ्हाईक उभं असताना. मी पेटीच्या फटीत बोटं घालून पाहिली. तिथून जाणाऱ्या एका बाईनं काही पडलं का म्हणून विचारलं, मी नाही म्हटलं.

रविवार कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. लेकीचा फोन आला, बाबा घाबरू नका म्हणाली. मी तिच्याजवळ तिच्या घरच्या नळाची चौकशी केली, तो गळत होता. तीनदा फिरायला म्हणून बाहेर पडलो आणि तिन्ही वेळा पेटीपाशी जाऊन थांबलो. पेटीवर पाटी होती, रविवारी टपाल निघत नाही, सोमवारी सकाळी साडेनऊ. पत्र अजून आतच होतं. पत्र्याच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. सोमवारी साडेनऊला इथं उभं राहिलं आणि टपालवाल्याला विनवलं तर देईलही परत. पण डॉक्टरांची वेळ नऊची होती. शिवाय मरणाऱ्या माणसानं पत्र परत कशाला मागायचं? हा विचार आला की जरा बरं वाटायचं. त्या दोन दिवसांत मला एकाच गोष्टीनं बरं वाटत होतं, की मी मरणार आहे.

सोमवारी डॉक्टरांनी फिल्म प्रकाशपेटीवर लावली, रिपोर्ट चाळला आणि पेनचं टोपण खिशात ठेवून दिलं. म्हणाले, काळजीचं कारण नाही, ही साधी गाठ आहे, कर्करोग नाही. मला वाटलं ते हिच्यासाठी गोड बोलत आहेत. मी उठून बोट ठेवलं.

"हे काळं आहे."

"काळं आहे म्हणूनच तर बरं आहे," डॉक्टर म्हणाले. "चरबी आहे ती."

मग त्यांनी समजावलं. हे यंत्र प्रत्येक ठिपक्याचा आकडा देतं. पाण्याचा शून्य, हाडाचा कितीतरी वर, हवेचा उणे हजार. चरबी पाण्यापेक्षा हलकी, म्हणून तिचा आकडा शून्याच्या खाली आणि रंग काळपट. तुमच्या गाठीचा उणे साठ आला. हवा असती तर याहून कितीतरी काळं दिसलं असतं. मूत्रपिंडाच्या गाठीत अशी चरबी सापडली की ती जवळजवळ नेहमी निरुपद्रवी असते. काही साध्या गाठी अशा असतात की कितीही फोटो काढा, त्या साध्या आहेत हे सांगता येत नाही आणि कापून बघावं लागतं. तुमची निदान स्वतःहून सांगते आहे. सोनोग्राफीत पांढरी आणि इथं काळी दिसली, तरी गाठ तीच आहे, वाढलेली नाही. आवाजाच्या यंत्राला चरबी लखलखीत दिसते, किरणांच्या यंत्राला काळी. वर्षानं पुन्हा मापून बघू. आत्ता दोन सेंटिमीटर आहे, चारच्या वर गेली तर रक्तस्रावाची भीती, तेव्हा विचार करू. काढायचं काही नाही. हिनं पहिल्यांदाच साखळी सोडली. म्हणाली, "काम सोडल्यापासून बसून बसून मूत्रपिंडालासुद्धा चरबी चढली यांच्या." डॉक्टर हसले. तीही हसत होती आणि डोळे पुसत होती. भिंतीवरच्या घड्याळात नऊ चोवीस झाले होते.

मी हिला म्हटलं, तू फीचं बघ, मी आलो. रिक्षा मिळाली नाही. सत्तरीला आलेला माणूस, नुकतंच ज्याला जगायचं आहे असं कळलं आहे, भर रस्त्यातून धावत होता आणि लोक बाजूला होत होते. धावताना मला जे वाटत होतं ते लिहायला लाज वाटते. मला डॉक्टरांचा राग आला होता. एक दिवस आधी का नाही सांगितलं? मला त्या काळ्या डागाचा राग आला होता, त्यानं मला फसवलं होतं. नियम त्यानं मोडला होता, मी पाळला होता. पेटीपाशी पोचलो तेव्हा नऊ चौतीस. मी पत्र्यावर टकटक करून पाहिलं. रिकाम्या डब्याचा आवाज मला ओळखता येतो.

मंगळवारी सकाळी डावऱ्याच्या दुकानात गेलो. टपाल यायच्या आधी पोचायचं ठरवलं होतं, पण वाटेत दोनदा बसलो. दुकानाबाहेर एक मोठं फाटक आडवं टाकलेलं होतं आणि डावऱ्या त्याच्याजवळ स्टुलावर बसून जोडावर थिजलेली मळी हातोडीनं उडवत होता. डाव्या हातानंच. केस पार पांढरे झालेले. मुलगा आत लोखंड कापत होता. पाकीट डावऱ्याच्या शर्टाच्या खिशात होतं, अर्धं बाहेर आलेलं, फोडलेलं नव्हतं.

"ये मास्तर," तो म्हणाला, जसं काही मी रोज येतो. दुसरं स्टूल पायानं माझ्याकडे ढकललं. मग सांगितलं की पत्र आत्ताच आलं, पाकिटावर माझं नाव बघून सून वाचून दाखवते म्हणाली, पण त्यानं वाचू दिलं नाही. एका गावात राहून मास्तर टपालानं लिहितो म्हणजे काहीतरी तोंडानं सांगवत नसणार, आणि तसं असेल तर मागोमाग तो स्वतःही येणार. म्हणून ठेवलं. त्यानं खिशातून काढून पाकीट माझ्या मांडीवर टाकलं.

"वाच," तो म्हणाला.

मी पाकीट फोडलं. माझंच अक्षर, पण बघताना दुसऱ्या कुणाचं वाटत होतं. आत करवत चालू होती. मी पोटापासून वाचायला लागलो. मूत्रपिंडात काळं निघालं आहे, फार दिवस राहतील असं वाटत नाही. त्यानं हातोडी खाली ठेवली.

"मग?"

"काल कळलं. चरबी निघाली. काही नाही झालेलं."

तो हसायला लागला, हसता हसता खोकला आला, खोकला गेला तरी हसत होता. वेल्डर असून फिल्म वाचता येईना, म्हणाला. आणि मग डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे पत्र फुकटच गेलं की तुझं. राहू दे मग पुढचं?"

कागद माझ्या हातात होता. त्याच्यावर काय आहे ते आम्हा दोघांत फक्त मलाच वाचता येत होतं. राहू दे म्हटलं असतं तर त्यानं चहा मागवला असता, नातवंडांच्या गोष्टी निघाल्या असत्या, जाताना कागद मी खिशात घालून नेला असता. किंवा वाचायचं सोंग घेऊन दुसरंच काही म्हणता आलं असतं. मुलाबाळांना आशीर्वाद, तब्येतीला जप. आतली करवत थांबली. मी श्वास धरला होता, आणि कधी सोडायचा हे माझ्याच हातात होतं.

"ओली पेटी माझी होती," मी वाचलं. "तू हात धुवायला गेलास तेव्हा मी डब्यातून तुझा पंच काढला. तो नंबर मी मारला."

डावऱ्यानं हातोडी पुन्हा उचलली. जोडावर एक मळीचा तुकडा राहिला होता, तो उडवला, अंगठ्यानं शिवण पुसली. शिवणीवर बारीक खवले पडलेले, माशाच्या अंगावर असतात तसे, सगळे एका दिशेला झुकलेले. डाव्या हाताचे खवले उजवीकडे झुकतात. हे मला त्या दिवशीही माहीत होतं आणि त्या दिवशी आठवलं नव्हतं.

"कापायच्या आधी मी बघितला होता तो जोड," तो म्हणाला. "खवले उलटे होते. फोरमनला सांगितलं, हा माझा हात नाही. तो म्हणाला, नंबर तुझा आहे, फिल्म काळी आहे. फिल्मवर हात दिसत नाही."

"माझं नाव सांगितलंस?"

"तिथं वेल्डर किती होते?" तो म्हणाला. "दोन."

मुलगा आतून डोकावला आणि परत गेला. रस्त्यावरून कुणीतरी फाटकाचा भाव विचारला, डावऱ्यानं हातानंच थांबायला सांगितलं. मी कागदाची घडी घालायला लागलो.

"घडी कशाला घालतोस?" तो म्हणाला. "अजून अर्धं पान दिसतंय. पुढं वाच."